डाग्नीचा फेरा

यानिकाला विणकामाच्या टेबलाशी तिसरी खुर्ची मिळाली ती तिचा हात चांगला म्हणून नव्हे. त्या खुर्चीवर आधी बसणारी बाई शहरात लेकीकडे राहायला गेली, आणि त्या हिवाळ्यात गुनेलच्या घरात दिवसभर सापडणारी दुसरी बाई म्हणजे तिची सूनच. शेजारच्या जागेवर केनेथ आणि यानिकाचं नवं घर अर्धं उभं होतं. त्याला खिडक्या बसेपर्यंत दोघं आणि त्यांची रांगायला लागलेली तूवा गुनेलकडेच राहत होती.

"शिकेल पोरगी," गुनेल म्हणाली. "हात घट्ट आहे तिचा."

"घट्ट नाहीये, घाबरलेला आहे," डाग्नी म्हणाली. "पण असू दे. सैल हातापेक्षा घाबरलेला बरा."

डाग्नी गुनेलची थोरली बहीण, केनेथची मावशी. तो तिला मोस्तर म्हणायचा, म्हणून यानिकाही म्हणायची, आणि खरं तर अख्खं गावच म्हणायचं. वय ऐंशीच्या पुढे. चर्चच्या वळणापलीकडे एकटी राहायची. आठवड्यातून दोनदा, कामाच्या दिवशी, लांब लोखंडी पट्ट्यांवर घसरणारी आपली ढकलखुर्ची बर्फावरून रेटत यायची, एक पाय पट्टीवर, एक पाय जमिनीवर, आणि खुर्चीच्या बैठकीवर लोकरीची टोपली दोरीने बांधलेली. बाकी दिवस ती कुठे फारशी जायची नाही. हे दोन दिवस म्हणजे तिचा आठवडा होता.

आमच्या किनाऱ्यावर क्रोशाचं मोठं काम एकटीने करत नाहीत. स्वेटरचा घेर असो नाहीतर गळपट्टा, तिघीजणी एकाच कामाभोवती बसतात. काम मधे, सुया तीन, प्रत्येकीच्या पायाशी आपापली टोपली आणि तिच्यात दोन गुंडे. पहिली विणत पुढे जाते, तिच्या टाक्यांवर दुसरी चढते, दुसरीच्या टाक्यांवर तिसरी, आणि तिसरीच्या टाक्यांवर पुन्हा पहिली. तिघी एकमेकींचा पाठलाग करत गोल गोल जातात आणि काम विहिरीच्या कठड्यासारखं वर येत जातं. म्हणून एकीला उठायचं असेल तर तिघींनी थांबायचं. आणि म्हणूनच एकीचं चुकलं तर फक्त तिचं उसवता येत नाही. तिच्या डोक्यावर बाकी दोघी बसलेल्या असतात.

या वेळी गळपट्टा होता. मफलरसारखाच, पण टोकं नसलेला, डोक्यातून घालायचा गोल. दवाखान्यातली नर्स निवृत्त होणार होती. तिने गावातली दोन पिढ्यांची बाळं वजनकाट्यावर ठेवली होती, तूवालाही. पांढऱ्या जमिनीवर लाल शंकरपाळ्या, एवढंच नक्षीकाम. दोनच रंग, पण दोन रंगांत लपायला जागा नसते. जो रंग चालू नसतो तो टाक्यांच्या पोटातून पुढे न्यायचा, म्हणजे पाठीमागे दोरे लोंबत नाहीत. हात सैल पडला की पोटातला लाल पांढऱ्यातून डोकावतो, आणि पांढरं आजारी दिसायला लागतं.

गुनेल सगळ्यांत पुढे. तिच्या मागे डाग्नी. डाग्नीच्या मागे यानिका. म्हणजे यानिकाच्या पाठीशी पुन्हा गुनेल, आणि गुनेलचा हात म्हणजे शिलाई मशीन.

"तूवाला काय झालं आता?"

"दात येतायत बहुतेक, फाम्मो." तूवाची आजी म्हणून यानिका सासूला फाम्मो म्हणायची.

"केनेथला दात आले तेव्हा मी त्याला पायाने पाळणा द्यायचे आणि हाताने विणायचे."

"म्हणूनच तो असा झालाय," डाग्नी सुई न थांबवता म्हणाली. "बोलायला लागला की हलायला लागतो."

यानिका हसली, पण उठली. ती सकाळी कितीतरी वेळा उठायची. बाळ रडलं की तिचा ब्लाउज ओला व्हायचा, मग डोक्यातला टाक्यांचा हिशोब कुठच्या कुठे. ती उठली की दोघी बहिणी सुया वर धरून बसायच्या. गुनेल नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, आणि यानिकाला ते बघणं पाठीला लागायचं. बाळापाशी असली की कामाची आठवण, कामापाशी असली की बाळाची. दोन्हीकडे ती अर्धीच असायची, आणि दोन्हीकडे कुणीतरी तिची वाट बघत असायचं.

त्या दिवशी कॉफीच्या वेळेला ती आतल्या खोलीत तूवाला पाजत होती. स्वयंपाकघरातून वेलदोड्याच्या पावाचा वास येत होता आणि बहिणींचं भांडण ऐकू येत होतं. आईच्या वेळी कॉफीत मीठ घालायचे की नाही यावर.

"चिमूटभर घालायची. मी बघितलंय."

"तू तेव्हा टेबलाखाली होतीस, गुनेल. तुला तिथून काय दिसणार?"

तूवाचं पिऊन झालं तरी ती झोपली नाही. यानिका तिला घेऊन पुढच्या खोलीत आली. खिडकीतून लांबट उजेड टेबलावर पडला होता आणि त्यात तो गळपट्टा तीन सुया टोचलेला, एकटाच बसला होता. तिच्या मनात आलं, आपण थोडे टाके पुढे जाऊन ठेवावेत. निदान आज तरी गुनेलची सुई आपल्या पाठीशी येऊन ताटकळणार नाही. सगळ्यांच्या कामाला एकटीने हात लावायचा नसतो हे तिला माहीत होतं. पण हे काही लावणं नव्हे, हे तर उरकणं, असं तिने स्वतःला सांगितलं.

ती आपल्या खुर्चीत बसली, तूवाला मांडीवर घेतलं, समोरची सुई उचलली आणि विणायला लागली. लाल, लाल, लाल, मग शेवटच्या लालच्या डोक्यावर पांढरा ओढून घ्यायचा, मग पांढरे. तूवाने दोरा पकडला. यानिकाने तिच्या मुठीतून तो सोडवला, तिच्या बोटांवर ओठ टेकवले, मोजणी कुठे होती ते आठवलं आणि पुढे गेली. मग दोरा ताणला गेला म्हणून तिने खाली बघितलं. गुंडा हलत होता तो डाग्नीच्या टोपलीत.

उजेड सरकला म्हणून कॉफीला उठता उठता गुनेलने टेबल खिडकीकडे ओढलं होतं. त्यात काम अर्धं फिरलं होतं. यानिकाच्या खुर्चीसमोर यानिकाची सुई नव्हतीच. सुया तिन्ही सारख्या, एका दुकानातून एकदम आणलेल्या.

स्वयंपाकघरात खुर्च्या सरकल्या. उसवायला वेळ नव्हता. तिने सुई होती तशी टोचली, काम पूर्वीसारखं फिरवून ठेवलं आणि तूवाला छातीशी धरून खिडकीशी जाऊन उभी राहिली. टाके ते टाके, कुणी घातले त्याने काय होतंय, असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं.

डाग्नी बसली. सुई उचलली. मग थांबली.

"मी इथवर आले होते?"

"कॉफीने लोकांचं डोकं जागेवर येतं," गुनेल म्हणाली. "तुझं जातं."

डाग्नीने अंगठा त्या टाक्यांवरून फिरवला, एकदा पुढे, एकदा मागे. यानिका खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं, बर्फ होता.

"आले असेन," डाग्नी म्हणाली आणि विणायला लागली.

थोड्या वेळाने यानिका आपल्या फेऱ्यात त्याच जागी पोचली. आता ते टाके तिच्या सुईखाली होते आणि तिला दिसलं. एक लाल कमी होता. तूवाने दोरा ओढला तिथेच. शंकरपाळीची कड एका टाक्याने आत गेली होती. अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडच्या लहान मुलींनाही माहीत असतं. सुई वर करायची आणि "थांबा" म्हणायचं. मग तिघींनी थोडंसं उसवायचं, पुन्हा भरायचं, एवढंच असतं ते. पण "थांबा" म्हटलं की पुढचं सांगावं लागलं असतं. तिने आपल्या ओळीत एक लाल जास्तीचा घातला, कड सरळ दिसेल असा, आणि पुढे गेली. त्या दिवशी तूवा पुन्हा रडली नाही, तरी यानिकाचे टाके इतके घट्ट पडले की गुनेलला सुई घालताना जोर लावावा लागला.

पुढच्या बैठकीला ऊन होतं. गुनेलने काम हातावर चढवून उजेडात धरलं, नुसतं कौतुकाने, आणि तिचा चेहरा बदलला.

"ही शंकरपाळी झुकलीय."

तिघींनी बघितलं. झुकली होती. खालची चूक, वरची सारवासारव, त्याच्यावर दोघींनी खाली बघून बघून घातलेले पुढचे फेरे, सगळं मिळून ती शंकरपाळी दारू प्यायल्यासारखी एका कुशीवर कलली होती. गुनेल नखाने एकेक फेरा उतरत खाली गेली.

"हा माझा. हा यानिकाचा, इथे एक लाल जास्तीचा आहे... पण तो खालचं चुकलंय म्हणून. पोरगी नवी आहे, खाली जे दिसलं त्यावर चढली. आणि खालचा हा." तिने नख थांबवलं. "हा तुझा, डाग्नी."

"नाही," डाग्नी म्हणाली.

"रेष तुझी आहे. दोरा तुझ्या टोपलीत जातोय."

"रेष माझी असेल. टाके माझे नाहीत." तिने काम ओढून डोळ्यांजवळ नेलं. "मी असा ओढत नाही पांढरा. आणि मी बघितलं होतं ना गं ते. घालताना बघितलं होतं. बरोबर होतं."

"बरोबर दिसलं असेल तुला." गुनेल हे हळू म्हणाली, आणि तेच वाईट होतं. ती बहिणीशी कधी हळू बोलायची नाही. "मागच्या महिन्यात तू माझ्या केनेथला पोस्टमन समजून हात केलास."

"त्याने पोस्टमनची टोपी घातली होती."

"डाग्नी."

आता बोलायची वेळ होती. यानिकाला ते माहीत होतं. शब्दही तयार होते, अगदी सोपे, दातांच्या मागे येऊन उभे. तेवढ्यात सतरंजीवर तूवाने नुसतं कुं केलं. रडली नाही, फक्त एक सुस्कारा, झोपेत करतात तसा. यानिका लगेच उठली, तिला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं. पलंगावर बसून तिने बाळाला पाजायला घेतलं. तूवाला भूक नव्हती. ती तोंड फिरवत होती, आईच्या चेहऱ्याकडे टकामका बघत होती. यानिकाने तिचं डोकं पुन्हा छातीशी वळवलं. बाहेरून उसवल्याचा आवाज येत होता, लोकरीतून लोकर निघाल्याचा, टर्र, टर्र, टर्र.

"मला अजून एकदा बघू दे," डाग्नी बाहेर म्हणाली.

"काय बघणार? झालं उसवून."

यानिका बाहेर आली तेव्हा डाग्नी कोटाची बटणं लावत होती. खालून वर, एकेक चाचपून. टेबलावर तिची सुई मोकळी पडली होती.

"सिव-ब्रिट बसेल माझ्या जागी," ती यानिकाला म्हणाली. "तिचा हात बरा आहे. तोंड जरा जास्त आहे, पण तू सोसशील. मला सोसलंस."

"मोस्तर..."

"बाळाला टोपी घाल, दारातून वारा येतोय."

सिव-ब्रिट आली, बसली. ती हाताइतकीच तोंडाने वेगवान होती. गळपट्टा पुन्हा वर यायला लागला. यानिका आता सिव-ब्रिटच्या टाक्यांवर चढत होती, आणि ते टाके बरोबर होते, सरळ होते, आणि त्यांच्यावर सुई घालताना तिला दरवेळी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं.

सांगायचं तिने रोज ठरवलं. सकाळी तूवाला न्हाऊ घालताना ठरवायची. मग केनेथ कामावर जायचा, गुनेल बटाटे सोलायला बसायची आणि म्हणायची, "वृद्धाश्रमातल्या बाईचा फोन आला होता. डाग्नीनेच फोन केला होता म्हणे तिला. मला वाटलं नव्हतं ती कधी करेल. बरंच झालं. डोळे गेल्यावर एकटीने राहणं काही खरं नाही." आणि ठरवलेलं गिळलं जायचं. एकदा तर सांगायला तोंड उघडलंच होतं, पण गुनेलने मान वर केली आणि तिचे डोळे लाल होते. कांदा नव्हता कापत ती, बटाटे होते.

"आईनंतर तिनेच मला वाढवलं," गुनेल म्हणाली. "आणि मीच तिला ते दाखवलं. नख लावून लावून."

केनेथला तिने सांगितलं. तो बूट काढत होता.

"अगं, डोळे तिचे तसेही जाणारच होते ना कधीतरी," तो म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला होता. यानिकाला त्याच्या बुटाने त्याला मारावंसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की हेच वाक्य ती स्वतःला गेले कितीतरी दिवस सांगत होती.

एका दुपारी गुनेलने किटलीभर माशाचं सूप बांधून दिलं, वरून शेपू भुरभुरलेलं. "डाग्नीला नेऊन दे. माझ्या हातून घ्यायची नाही ती. तूवाचं निमित्त कर, तूवाला कुणी परत पाठवत नाही."

यानिकाने तूवाला घसरगाडीत बसवलं, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलं आणि चर्चच्या वळणावरून ओढत नेलं. डाग्नीच्या पायरीपाशी ढकलखुर्ची उभी होती. तिच्या बैठकीवर बर्फाची उशी साचली होती. बरेच दिवस कुणी ती हलवली नव्हती.

दार उघडं होतं. डाग्नी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. टेबलावर गोळ्यांची डबी, भिंग, आणि लाल-पांढरा एक हातभर गोल तुकडा, सुई टोचलेला. ती एकटीच विणत होती.

"ये. कोण, यानिका ना? ये."

यानिका दारातच थबकली. ती तीन पावलांवर उभी होती, भर उजेडात. डाग्नीला ती दिसत होती. तरी तिने विचारलं होतं.

"फाम्मोने सूप दिलंय."

"शेपू जास्त घातला असेल. ठेव तिथे." डाग्नीने हात पुढे केले आणि तूवाला मांडीवर घेतलं. "आली का माझी उंदरी. दात दाखव. दोन झाले. दोनच ना गं? बघ जरा."

"दोनच, मोस्तर."

"हं. मलाही दोनच दिसतायत." तिने तुकडा यानिकाकडे सरकवला. "आणि हे बघ. हे बरोबर आहे का?"

यानिकाने बघितलं. शंकरपाळ्या ओळीने उभ्या होत्या, कडा कात्रीने कापल्यासारख्या. पांढऱ्यात कुठे लालचा मागमूस नव्हता.

"बरोबर आहे."

"सगळं?"

"सगळं."

"मलाही तसंच दिसतंय," डाग्नी म्हणाली. "पण तेही तसंच दिसलं होतं." ती तूवाच्या केसांवरून हात फिरवत होती, सावकाश. "डोळ्यांचं मला काही नाही गं. म्हातारपणी डोळे जातात. पण आधी धूसर होतं ना, आपल्याला कळतं की नीट दिसत नाहीये. हे तसं नव्हतं. मला स्वच्छ दिसलं होतं, आणि ते खोटं होतं. मग आता बाकीचं काय खरं धरू? गोळ्या मोजते, पुन्हा मोजते. शेगडी बंद केली ते बघायला उठते, बघून येते, बसते, आणि वाटतं, बंद दिसली, पण होती का? काल दारात गुनेल उभी आहे असं वाटलं, तर कोट होता. पूर्वी असं झालं असतं तर हसले तरी असते." तिने मान वर केली. "त्या बाईला मी हो म्हटलंय. वसंतात खोली रिकामी होईल म्हणाली. रिकामी कशी होईल ते मी विचारलं नाही."

यानिका खुर्चीवर बसली. तूवा डाग्नीच्या मांडीवर सुईकडे झेपावत होती. या वेळी उठायला काही निमित्त नव्हतं. बाळ तिच्याकडे नव्हतंच.

"तो फेरा मी घातला होता, मोस्तर."

"कुठला?"

"तो चुकलेला. तुम्ही दोघी कॉफी पीत होतात. टेबल फिरलं होतं, मला वाटलं माझी सुई आहे. थोडेसेच टाके. तूवाने दोरा ओढला आणि एक लाल राहिला. मला नंतर दिसलं. माझ्या ओळीत मी तो झाकला. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

ती एका दमात बोलली. डाग्नीने तूवाच्या मुठीतून सुई सोडवली आणि यानिकासमोर ठेवली.

"घाल."

"काय?"

"लालवरून पांढऱ्यावर जा. मला बघू दे."

यानिकाने घातले. डाग्नी खाली वाकून बघत होती, डोळ्यांनी नाही, अंगठ्याने. यानिका पांढरा ओढायची तिथे दोऱ्याला जरासा पीळ पडायचा, कुणी शिकवला नव्हता, आपोआप पडायचा. डाग्नीचा अंगठा त्या पिळावर येऊन थांबला.

"हाच," ती म्हणाली. "हाच होता."

यानिकाला वाटलं होतं तिला बरं वाटेल. चेहरा सैल होईल, निदान एक श्वास सुटेल. तसं काही झालं नाही. तिचा चेहरा आणखी कठीण झाला.

"मी विचारलं होतं. इथवर आले होते का म्हणून."

"हो."

"तू खिडकीशी होतीस."

"हो."

"ऐकलंस."

"ऐकलं."

"आणि गुनेल उसवत होती तेव्हा आत गेलीस. बाळ तर रडलंही नव्हतं. मी तेव्हाच म्हटलं, हिला काय झालं. मग म्हटलं, नाही, रडलं असेल. माझे कानही गेले असतील." तिने तूवाला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं, अलगद, पण दूध उतू जाताना भांडं खाली ठेवावं तसं. "मी रोज इथे बसले होते, यानिका. तुझ्याच वयाची होते तेव्हापासून मी या खिडकीतून बाहेर बघतेय, आणि गेले काही दिवस मी ते समोरचे खांब खरे आहेत का ते मोजत बसले होते."

यानिका रडायला लागली. डाग्नीने ते बघितलं आणि रुमाल दिला नाही.

"गुनेलला सांगितलंस?"

"नाही."

"कोट दे माझा."

परत येताना डाग्नीने ढकलखुर्चीवरचा बर्फ हाताने झाडला आणि पुढे निघाली. यानिका तूवाला ओढत मागे. डाग्नी एकदाही वळली नाही. चर्चच्या उतारावर तिने दोन्ही पाय पट्टीवर ठेवले आणि खुर्ची सुसाट सोडली.

गुनेल आणि सिव-ब्रिट टेबलाशी बसल्या होत्या. यानिकाने कोट न काढताच सांगितलं, पहिल्यापासून, उभ्यानेच. पुन्हा सांगणंही सोपं नव्हतं. उलट आता त्यात सूप नेण्याची दुपारही आली होती, बटाट्यांच्या सकाळीही आल्या होत्या.

सिव-ब्रिटने आपली सुई काढली, गुंडे उचलले. "मी आपली पाहुणी," ती म्हणाली. "खुर्ची गरम करून दिली, एवढंच."

गुनेल सुनेकडे बघत नव्हती. बहिणीकडे बघत होती.

"तू म्हणालीस टाके तुझे नाहीत."

"म्हणाले होते."

"मी बघायला हवं होतं."

"तू उसवलंस," डाग्नी म्हणाली. "तुला घाई होती. तुला किती दिवसांपासून वाटत होतं की माझं कुठेतरी चुकावं, म्हणजे मग तू काळजी करायला मोकळी."

गुनेल उठली आणि कॉफी ठेवायला गेली. तिला तेवढंच सुचलं. स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू होता.

"माझी खुर्ची सिव-ब्रिटला द्या," यानिका म्हणाली. "मी नाही बसत. मी लोकर गुंडाळून देईन, कॉफी बघेन."

"बस," डाग्नी म्हणाली. "उठून जाणं तुला छान जमतं. ते आता पुरे."

ती बसली.

वृद्धाश्रमातल्या खोलीला डाग्नीने नाही म्हणून कळवलं. गुनेल दुसऱ्याच दिवसापासून तिच्याशी पुन्हा मोठ्या आवाजात बोलायला लागली, कॉफीतल्या मिठावरून दोघी पुन्हा भांडल्या. डाग्नी यानिकाशी बोलायची. तूवाला खेळवायची. "उंदरी" म्हणायची. सगळं होतं तसं झालं असं कुणीही बाहेरून बघणाऱ्याने म्हटलं असतं, आणि यानिकालाही तसं म्हणायला फार आवडलं असतं.

पण सुई चालवता चालवता, रंग बदलायची जागा आली की डाग्नीचा हात आता थांबतो. पूर्वी तो थांबायचा नाही. ती बोलत असायची, कुणाला तरी टोमणा मारत असायची, आणि हात आपोआप लालवरून पांढऱ्यावर जायचा. आता ती थांबते, टाका उजेडात धरते, आणि मान न वळवता, शेजारच्या खुर्चीला विचारते.

"हा लालच ना गं?"

खोलीच्या पलीकडच्या टोकावरूनही तो लाल दिसतो. तरी यानिका आपली सुई थांबवते. वाकते. दरवेळी नीट बघते, तूवा रडत असली तरी.

"लालच, मोस्तर."

"हं," डाग्नी म्हणते, आणि पांढरा ओढून घेते.